नाइट ड्यूटीनंतरचा इंग्लिश ब्रेकफास्ट : दहा महिने, सतरा कॅफे

गेल्या दहा महिन्यांत मी चौतीस वेळा इंग्लिश ब्रेकफास्ट खाल्लाय. आकडा पक्का आहे, कारण पहिल्या दिवसापासून ड्यूटीच्या डायरीत लिहून ठेवत आलेय: कुठं गेले, काय मागवलं, पैसे किती झाले, अंडं कसं होतं. मी पूर्व लंडनमधल्या एका हॉस्पिटलात नर्स आहे. आमची नाइट संध्याकाळी साडेसातला सुरू होते आणि सकाळी आठला हँडओव्हर देऊन सुटते. सलग तीन नाइट झाल्या की शेवटच्या सकाळी घरी जाऊन कुकर लावायचं त्राण उरत नाही. मग मी कॅफेत जाते, पोटभर खाते आणि घरी येऊन झोपते. नवीन आलेल्या मराठी मुली वॉर्डात विचारतात, ते बीन्स-सॉसेजचं ताट खरंच चांगलं लागतं का ताई, की नुसतंच नाव मोठं? त्यांच्यासाठी हे सगळं सविस्तर लिहितेय.

चांगलं लागतं. मात्र जागा बरोबर निवडायला हवी.

मी कॉफीच्या साखळी दुकानांबद्दल बोलत नाहीये. लंडनची जुनी माणसं ज्याला ‘कॅफ’ म्हणतात ती साधी खाणावळ माझ्या डोळ्यांसमोर आहे. फॉर्मायकाची टेबलं, त्यावर मीठ, मिरपूड, व्हिनेगर, एक लाल सॉसची बाटली आणि एक तपकिरी सॉसची. भिंतीवर मोठ्या अक्षरांत सेट १, सेट २, सेट ३. सकाळी सहा-सातला शटर वर जातं आणि दुपारी तीन-चारला खाली येतं. गिऱ्हाईक म्हणजे गवंडी, रंगारी, टॅक्सीवाले, पोस्टमन, एकटी राहणारी म्हातारी माणसं, आणि आमच्यासारखे रात्र जागून आलेले. तिथं कुणी तुमच्या सुजलेल्या डोळ्यांकडं बघत नाही. नऊ वाजता तुमची रात्र व्हायची असते, शेजारच्याचा दिवस नुकताच उजाडलेला असतो, आणि दोघांच्या पुढ्यात ताट एकच असतं.

अशी बरीच कॅफे इटलीतून आलेल्या कुटुंबांनी काढली. बेथनल ग्रीन रोडवरचं ई. पेलिची १९०० सालापासून एकाच कुटुंबाकडं आहे. त्याच्या आतल्या भिंतींवर १९४६ साली बसवलेलं लाकडी जडावकाम आहे, अकिले कापोची या कारागिराचं. २००५ साली ही वास्तू सरकारच्या संरक्षित यादीत गेली. पहिल्यांदा गेले तेव्हा ताट येईपर्यंत मी भिंतीच बघत होते. मधासारख्या रंगाचं लाकूड, आणि त्यातच वेगळ्या लाकडाची नक्षी बसवलेली. वाड्यातल्या देवघराची चौकट घडवणाऱ्या सुताराचा हात आठवला. जागा लहान आहे, अनोळखी माणसाच्या टेबलावर बसायची तयारी ठेवा, आणि रविवारी जाऊ नका, बंद असतं. पिमलिकोजवळचं रीजन्सी कॅफे १९४६ सालचं. बाहेरून काळ्या फरशा, आत काउंटरवर पैसे भरून बसायचं, आणि ताट तयार झालं की तुमची ऑर्डर अख्ख्या खोलीला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात पुकारली जाते. ती ऐकली की उठायचं आणि आपलं ताट आपणच आणायचं. ही दोन्ही ठिकाणं एकदा तरी बघावीत अशी आहेत. पण माझी रोजची जागा त्यांतली नाही. ती हॉस्पिटलपासून सात मिनिटांवर आहे आणि एक सायप्रसचं तुर्की कुटुंब ती चालवतं. आज लंडनमधली अशी पुष्कळ कॅफे तुर्की कुटुंबांकडं आहेत. त्यामुळं सेट ब्रेकफास्टच्या शेजारी हलूमी चीज आणि मेनेमेन, म्हणजे टोमॅटो-मिरचीत शिजवलेली अंडीही मिळतात. व्हाइटचॅपलकडं हलाल कॅफे आहेत. तिथं डुकराऐवजी गोमांसाचं सॉसेज आणि टर्कीचं बेकन मिळतं. माझी एक मुस्लिम मैत्रीण तिथंच जाते.

आता खऱ्या गोष्टीकडं येते.

माझ्या रोजच्या कॅफेत काउंटरच्या टोकाला एक उंच स्टूल आहे. तिथं बसलं की तवा दिसतो. तवा म्हणजे दोन हात लांबीची सपाट लोखंडी प्लेट, एका टोकाला आच मोठी, दुसऱ्या टोकाला मंद. मालकीणबाई स्वतः उभ्या असतात. सॉसेज सगळ्यांत आधी पडतं, तेही मंद बाजूला, कारण त्याला वीसेक मिनिटं हवीतच. घाई केली तर बाहेरून करपतं आणि आत गुलाबी राहतं. मग टोमॅटो अर्धा चिरून पालथा ठेवायचा आणि हलवायचा नाही, कापलेली बाजू तांबूस होऊन तिला गोडवा येईपर्यंत. मग मश्रूम, आधी कोरडंच. पाणी सुटून आटलं की थोडं लोणी. बेकन इथं पाठीच्या मांसाचं असतं, कडेला चरबीची पांढरी पट्टी असलेलं. बाई ती पट्टी चिमट्यानं तव्यावर उभी धरतात. चरबी वितळून कड कुरकुरीत झाली की मगच काप आडवा होतो. बीन्स शेजारच्या पातेल्यात मंद रटरटत असतात. अंडं सगळ्यांत शेवटी फोडायचं, आणि अंडं तव्यावर पडलं की त्याच क्षणी ब्रेड टोस्टरमध्ये.

सात-आठ जिनसा, प्रत्येकीचा वेळ निराळा, आणि सगळ्या एकाच क्षणी गरमागरम ताटात यायला हव्यात. या ताटात मसाला नाही, फोडणी नाही, वाटण नाही. चूक झाकायला काहीच नाही. स्वयंपाकघरातलं एकच कसब तिथं कामाला येतं, वेळ साधणं. चौतीस ताटांनंतर माझं मत असं झालंय की इंग्लिश ब्रेकफास्ट चांगला की वाईट हे सॉसेजच्या जातीवर ठरत नाही, सगळं एका वेळी उतरलं का यावर ठरतं. म्हणून मी आता ताट आलं की आधी टोस्टला बोट लावून बघते. टोस्ट गरम असेल तर बाकीचं बहुतेक नीटच असतं.

अंड्याबद्दल दोन शब्द. पिवळं वाहतं हवं. काट्यानं टोचलं की ते टोस्टवर उतरतं, बीन्सच्या रसाशी मिळतं, आणि सगळ्या ताटाला एक आमटी मिळाल्यासारखं होतं. कच्चट अंड्याची भीती मलाही होती. पण इथल्या अंड्यांवर लाल सिंहाचा शिक्का असतो. तो असेल तर वाहतं अंडं गरोदर बायकांनी आणि लहान मुलांनीही खायला हरकत नाही, असं २०१७ साली इथल्या फूड स्टँडर्ड्स एजन्सीनं जाहीर केलंय. कॅफेत विचारलं तर शिक्का दाखवतात, कुणी वाईट वाटून घेत नाही.

बीन्सपाशी आपली माणसं हमखास अडतात. गोड टोमॅटोच्या रसातलं कडधान्य सकाळी सकाळी? मीही पहिल्या दोन वेळा ते बाजूला सारलं होतं. दाणा म्हणजे पांढरा हॅरिकॉट, राजम्याच्याच जातीतला, आपल्या कोरेगावच्या वाघ्या घेवड्याचा सख्खा भाऊ. हाइन्झचे बीन्स १८८६ साली इंग्लंडमध्ये आले तेव्हा फोर्टनम अँड मेसनसारख्या उंची दुकानात विकले जायचे, अमेरिकेहून आलेला महागडा माल म्हणून. पुढं ते इथंच बनू लागले. विगनजवळ किट ग्रीनला १९५९ मध्ये त्यांचा प्रचंड कारखाना उभा राहिला, आणि ते गरिबाचं जेवण झाले. एकटे खाल्ले तर गोडूस आणि गुळगुळीत लागतात. खारट बेकनच्या घासाबरोबर खाल्ले की त्यांची जागा कळते. वरणाशिवाय जसा नुसता भात, तशी बीन्सशिवाय ही कोरडी ताटली.

आणि तपकिरी सॉस! ही गोष्ट मला कुणी आधी सांगायला हवी होती. एचपी सॉसच्या बाटलीवर पार्लमेंटच्या इमारतीचं चित्र असतं, त्यामुळं मला वाटायचं ही काहीतरी अगदी इंग्रजी चीज असणार. एका सकाळी चहाची वाट बघत बाटलीवरचं बारीक छापलेलं वाचलं. व्हिनेगर, काकवी, खजूर, चिंच. चिंच! म्हणजे आपली भेळेची आंबटगोड चटणीच, व्हिनेगरमध्ये मुरवलेली. नॉटिंगहॅमच्या गार्टन नावाच्या किराणावाल्याची ही पाककृती, आणि तिच्यातली चिंच काही इंग्लंडच्या झाडावरची नव्हे. त्या दिवसापासून मी सॉसेजला लाल सॉस लावलेला नाही.

ब्लॅक पुडिंगची ओळख करून द्यायला मला अवघड वाटत नाही, मी कोल्हापूरची आहे. आमच्याकडं रक्ती-मुंडी खातात. हे डुकराच्या रक्ताचं, त्यात ओट किंवा बार्ली घालून आतड्यात भरलेलं, काप करून तव्यावर परतलेलं. कड कुरकुरीत, आत मऊ आणि मिरपुडीचा ठसका. मँचेस्टरजवळचं बरी हे गाव यासाठी प्रसिद्ध आहे. स्कॉटलंडकडच्या स्टॉर्नोवेच्या ब्लॅक पुडिंगला तर भौगोलिक संरक्षण आहे. आपल्याकडं हापूसला जीआय आहे, तसंच. एक काप पुरे, पण तो सोडू नका.

बटाट्याचा मात्र इथं वाद आहे. पूर्वी ताटात फ्राइड स्लाइस असायची, बेकनच्या चरबीत तळलेला ब्रेड. आता तिच्या जागी फ्रीझरमधला तिकोनी हॅश ब्राउन, म्हणजे बटाट्याच्या किसाची तळलेली वडी, आला. तो मूळचा अमेरिकेचा. इंग्लिश ब्रेकफास्ट सोसायटी नावाच्या संस्थेनं २०२३ मध्ये जाहीर विरोध केला आणि त्याऐवजी बबल अँड स्क्वीक ठेवा म्हणून सांगितलं. मी त्यांच्या बाजूची आहे. बबल अँड स्क्वीक म्हणजे आदल्या दिवशीचा उकडलेला बटाटा आणि कोबी कालवून तव्यावर खरपूस केलेला. परतताना जो आवाज येतो त्यावरून नाव पडलं. उरलेल्या पोळीचा कुस्करा करणाऱ्या घरातल्या माणसाला त्याची चव समजावून सांगावी लागत नाही. ज्या कॅफेच्या पाटीवर हा पदार्थ दिसतो तिथं मी डोळे झाकून बसते, कारण तो बहुधा तिथंच हातानं केलेला असतो.

वाईट अनुभव एकच खरा वाईट होता. एका मोठ्या रेल्वे स्टेशनजवळचं चकचकीत ठिकाण, साडेपंधरा पौंड. सगळं आधीच करून गरम पाण्याच्या ट्रेमध्ये ठेवलेलं. बीन्सवर साय धरलेली, टोमॅटो आतून गार, अंड्याचं पिवळं घट्ट आणि कडेला हिरवट. मी काउंटरवर जाऊन नीट सांगितलं. त्यांनी तेच ताट मायक्रोवेव्हमध्ये फिरवून परत आणलं. अंड्याचं रबर झालं होतं. बारा तास उभी राहून आलेली मी, त्या सकाळी रडू आलं मला. अन्न टाकवत नाही म्हणून टोस्ट आणि मश्रूम खाल्ले आणि उठले. डायरीत त्या पानावर फक्त तारीख आहे. ब्रंचच्या उंची जागाही तीन बघितल्या. अ‍ॅव्होकाडो, आंबट ब्रेड, सुंदर कप. खाणं छान होतं, पण पोट भरलं नाही.

मे महिन्यात आई आली, दोन महिने राहिली. आई माळकरी. मांस नाही, अंडं नाही. मला तिला माझी जागा दाखवायची फार इच्छा होती आणि धास्तीही तेवढीच होती. आत शिरल्या शिरल्या तिनं तवा बघितला.

“त्येच्यावर समदं एकातच भाजत्यात न्हवं?”

“हो आई. पण तू चहा तर घे.”

मी मालकीणबाईंना सांगितलं की माझी आई धर्मानं शाकाहारी आहे, अंडंही चालत नाही. त्यांनी हात पुसले, बाहेर आल्या, आणि आईशेजारी उभ्या राहून मला एकेक विचारत गेल्या. ओव्हनमधला सालासकट भाजलेला बटाटा चालेल? तो तव्याला लागत नाही. बीन्सचं पातेलं बेकनच्या चमच्यानं ढवळलेलं असतं, म्हणून नवीन डबा फोडून वेगळ्या भांड्यात गरम करते. चीजवर वूस्टर सॉस घालत नाही, त्यात मासा असतो. हे शेवटचं मला माहीत नव्हतं. नर्स असून मी घरी कितीदा तो सॉस शाकाहारी पाहुण्यांच्या सँडविचवर घातला असेन, या विचारानं पोटात गोळा आला. आईसमोर डब्यावरचं शाकाहारी खुणेचं हिरवं पान दाखवून त्या म्हणाल्या, “ऑल राइट, लव?”

“काय म्हणाली गं ती?”

“बरं आहे ना, बाळा, असं विचारतायत.”

आई त्यांच्याहून वयानं मोठी. तरी ती हसली, आणि बटाट्याची फोड कुस्करून, त्यावर लोणी आणि बीन्स घेऊन चमच्यानं सगळं संपवलं. मीठ मात्र तीनदा घेतलं. चहा तिला पसंत पडला नाही. इथला कॅफेतला चहा म्हणजे बिल्डर्स टी, मोठ्या मगात, गडद, थोडं दूध, आलं-वेलची काही नाही. मला तो नाइटनंतर अमृतासारखा लागतो. तिला तो “नुसता रंग” वाटला.

शेवटी सफरचंदाचा क्रम्बल आला, म्हणजे वर लोणी-पिठाचा चुरा घालून भाजलेलं सफरचंद, आणि त्यावर गरम पिवळं कस्टर्ड. आईनं हात मागं घेतला, यात अंडं असणार. मालकीणबाई आत गेल्या आणि डबा घेऊन आल्या, बर्ड्स कस्टर्ड पावडर. ही पावडर बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड यांनी १८३७ साली तयार केली, कारण त्यांच्या बायकोला अंडं सोसत नव्हतं. अंड्याच्या जागी मक्याचं पीठ. आईनं एक चमचा चाखला आणि माझ्याकडं बघत राहिली.

“अगं, हे तर आपलं कस्टर्ड की! लग्नात असतंय ते.”

हो, तेच. पुण्याच्या वेकफिल्डच्या डब्यातून आपण जे फ्रूट कस्टर्ड करतो त्याची ही मूळ थोरली बहीण. एका नवऱ्यानं बायकोसाठी काढलेला उपाय, आणि जवळजवळ दोनशे वर्षांनी माझ्या माळकरी आईला लंडनच्या कॅफेत गोड खाता आलं. जाताना तिनं बॅगेत दोन डबे भरले.

सप्टेंबरात एका मैत्रिणीकडं बेलफास्टला गेले. तिथल्या ताटाला अल्स्टर फ्राय म्हणतात, आणि त्यात सोडा ब्रेड आणि बटाट्याचा ब्रेड तव्यावर परतून देतात. सोडा ब्रेडला यीस्ट लागत नाही. ताक आणि सोडा घालून पीठ मळतात, गोल थापतात, चार भाग करून तव्यावर भाजतात. एका भागाला ‘फार्ल’ म्हणतात, त्या शब्दाचा अर्थच चौथा हिस्सा. मैत्रिणीच्या सासूबाईंनी हे सांगितलं तेव्हा मी लगेच म्हणाले, आमच्याकडं भाकरीच्या चौथ्या हिश्श्याला चतकोर म्हणतात. त्यांनी तो शब्द दोनदा म्हणून बघितला. लंडनमध्ये तसा ताजा फार्ल मला अजून मिळालेला नाही.

थंडीत ब्रेकफास्टऐवजी दुपारचं जेवणही घेतलंय. शेफर्ड्स पाय म्हणजे मटणाचा खिमा आणि वर बटाट्याचा थर. तोच गोमांसाचा असेल तर कॉटेज पाय. कलेजी-कांदा ग्रेव्हीत. डिसेंबरात चार वाजताच अंधार पडतो तेव्हा हे अन्न अंगात ऊब धरतं.

नर्स म्हणून एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. दोन सॉसेज आणि दोन बेकन मिळून सुमारे १३० ग्रॅम मांस होतं, आणि लाल व प्रक्रिया केलेलं मांस रोज ७० ग्रॅमपर्यंत ठेवा असं एनएचएस, म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवा, सांगते. मिठाचंही तसंच, दिवसाला ६ ग्रॅमची मर्यादा. म्हणून मी नऊ-दहा दिवसांतून एकदाच जाते, आणि आता सेट घेत नाही. एक सॉसेज, एक बेकन, दोन अंडी, टोमॅटो, मश्रूम, बीन्स, असं सुटं सांगते. सुटं मागवलं तर कुणी नाक मुरडत नाही, उलट काउंटरवर तशीच पद्धत आहे. साध्या कॅफेत मला आठ ते अकरा पौंड पडतात, चहा धरून. दारावर हिरवा-काळा स्वच्छतेचा स्टिकर असतो, ० ते ५ गुणांचा. वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये तो लावणं सक्तीचं आहे, इंग्लंडमध्ये नाही. पण ज्याचा ५ आहे तो लावतोच. नसेल तर नाव टाकून फोनवर बघा. अ‍ॅलर्जी असेल तर ऑर्डर देतानाच सांगा. आणि जमलं तर शनिवार टाळून आठवड्यातल्या दिवशी साडेनऊच्या आसपास जा. गवंडी उठून गेलेले असतात, दुपारची गर्दी यायची असते, आणि तव्यावर जागा असते.

काल तिसरी नाइट संपवून गेले. दार उघडताच मालकीणबाईंनी मंद बाजूचं एक सॉसेज चिमट्यानं मोठ्या आचेकडं सरकवलं. अंडी अजून टोपलीतच होती. माझा चहा अर्धा झाल्यावर त्यांनी ती फोडली.